जबलपूरच्या मंडळ्या

जबलपूरच्या ख्राइस्ट चर्चमध्ये रविवारी जमणारी मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सीएनआयची. त्याच शहरातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये जमणारी मंडळी मात्र सीएनआयमध्ये नाही. दोघेही प्रोटेस्टंट. बायबल तेच हिंदीतलं, भजनं बरीचशी सारखी, बाजारात भेटले की ‘जय मसीह की’ दोघांच्याही तोंडी. बाहेरच्या माणसाला यांच्यात फरक काय हे विचारून घ्यावं लागतं. आतल्यांनाही तो चटकन सांगता येईलच असं नाही.

या फरकाचं मूळ जुन्या मध्य प्रांतात आहे. त्या काळी मिशनऱ्यांनी आपापसांत मुलूख वाटून घेतला होता. नागपूर स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांकडे, हरदा, बिलासपूर, दमोह अमेरिकेतल्या डिसायपल्स ऑफ ख्राइस्टकडे, होशंगाबाद इंग्लंडच्या क्वेकरांकडे, मंडल्याचे गोंड अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीकडे, धमतरी मेनोनाइटांकडे. जबलपूर छावणीचं आणि रेल्वेचं शहर, त्यामुळे तिथे अनेकांनी बस्तान बसवलं. एकमेकांच्या शेतात पाय टाकायचा नाही, हा या वाटणीतला व्यवहारी शहाणपणा. परिणाम मात्र गमतीचा झाला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पोरकी झालेली मुलं मिशनच्या अनाथाश्रमांत वाढली. त्यातलं कोण मेनोनाइट झालं आणि कोण डिसायपल, हे ठरवलं त्यांच्या जिल्ह्यानं. जिनिव्हा, लंडन आणि अमेरिकेतल्या धर्मपंडितांची भावकी इथल्या माणसांना विनासायास वारसाहक्कानं मिळाली.

ही भावकी मिटवावी असं वाटणाऱ्यांत जबलपूरचं नाव लवकर येतं. १९१० च्या एडिंबरो मिशनरी परिषदेनंतर अमेरिकन मेथडिस्ट जॉन मॉट हिंदुस्थानात आले. १९१२ च्या अखेरीस त्यांनी ठिकठिकाणी परिषदा घेतल्या. मद्रास, मुंबई, अलाहाबाद, लाहोर यांच्या बरोबरीनं त्यात जबलपूरही होतं. त्यातून १९१४ साली नॅशनल मिशनरी कौन्सिल उभी राहिली. आज तिचं नाव नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया असून कचेरी नागपुरात आहे.

मराठी वाचकाला इथे नारायण वामन टिळक आठवल्याशिवाय राहणार नाहीत. नागपूरहून राजनांदगावला जाताना, याच मध्य प्रांतातल्या आगगाडीत, एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. पुढे ख्रिस्ती झालेले टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षं राबले आणि १९१७ साली तिथून बाहेर पडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानणारा कोणीही त्यात यावा, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबाराला फारसं बाळसं धरता आलं नाही. पण चर्चचे पुढारी जो प्रश्न पुढची पन्नास वर्षं समित्यांमध्ये घोळवत राहिले, त्याला त्यांनी एका झटक्यात हात घातला होता. पंथ आधी की ख्रिस्त आधी, हा तो प्रश्न.

समित्यांचा मार्ग लांबचा. बोलणी सुरू झाली १९२९ साली, लखनौला. १९५१ मध्ये वाटाघाट समिती बसली, १९६५ मध्ये एकीकरणाच्या योजनेची चौथी सुधारित आवृत्ती निघाली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सीएनआयची स्थापना झाली. सहा चर्चेस एक झाली: अँग्लिकन, उत्तर हिंदुस्थानातलं संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथडिस्ट. दक्षिणेत हेच काम १९४७ साली होऊन गेलं होतं.

सगळ्यात अवघड गाठ बाप्तिस्म्याची. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट म्हणतात, बाळाला काय कळतं? विश्वास ठेवण्याइतकं वय होऊ दे, मग पाण्यात उतर. हा वाद कित्येक शतकांचा, त्यापायी युरोपात माणसं मारली गेली आहेत. सीएनआयनं काय केलं? निकाल दिलाच नाही. दोन्ही पद्धती चालतील, ज्या घराला जी पटेल ती, असं घटनेत लिहून टाकलं. पाळकांच्या दीक्षेबाबतही तेच. बिशपाच्या हातून दीक्षा न मिळालेला पाळक खरा पाळक का, हा अँग्लिकनांचा जुना सवाल. नागपुरात सगळ्या परंपरांच्या पुढाऱ्यांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. त्या हात ठेवण्याचा अर्थ कोणी काय घ्यायचा, हे देवावर सोपवलं. कडव्या माणसांना ही पळवाट वाटली. मला ती सीएनआयची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी ठरवायचं म्हटलं असतं तर ती माणसं आजही लखनौच्या बैठकीतच बसलेली दिसली असती.

तरी अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्च शेवटच्या वर्षी मागे फिरलं. इतकी वर्षं टेबलाशी बसून, नेमकं १९७० मध्ये. आपली संघटना, आपले बिशप, जगभरच्या मेथडिस्टांशी असलेलं नातं, हे सोडवत नव्हतं असं दिसतं. १९८१ मध्ये ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झालं. जबलपुरात रविवारच्या दोन उपासना आजही वेगळ्या भरतात त्या त्यामुळे.

जे आत आले त्यांचंही सगळं गोड झालं नाही. गुजरातमधल्या ब्रेदरेन चर्चच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाल सीएनआयच्या विरोधात लागला. विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून सार्वजनिक न्यास आपोआप विसर्जित होत नाही, मालमत्ता जुन्या न्यासाचीच, असं न्यायालयानं सांगितलं. खुद्द जबलपूर धर्मप्रांताच्या पैशांच्या व्यवहारांची आर्थिक गुन्हे शाखेची चौकशी २०२२ मध्ये वर्तमानपत्रांत गाजली. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम. पण कित्येक शतकांचा बाप्तिस्म्याचा वाद बाजूला ठेवू शकलेली माणसं शाळेच्या जमिनीवरून आणि खात्यांवरून अडतात, हे मात्र लपत नाही. ‘एकता, साक्ष, सेवा’ या ब्रीदातला पहिला शब्द अशा वेळी फार महाग पडतो.

दुसऱ्या बाजूला याच शहरात लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. १९२३ साली मेथडिस्टांनी पाळक घडवण्यासाठी ते सुरू केलं; पुढे इतर चर्चेसही त्यात सहभागी झाली. मागे फिरलेल्या मेथडिस्टांची मुलं, आत गेलेल्या सीएनआयची मुलं आणि लहान बाळाला बाप्तिस्मा न देणारी मेनोनाइट मुलं इथे एकाच वर्गात हिब्रू आणि ग्रीकची रूपं घोकतात. चर्चचा इतिहास शिकताना आपल्याच आजोबांची भांडणं परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत भेटतात, हा त्यातला विनोद. समान ध्येय म्हणतात ते मला १९७० च्या दस्तऐवजापेक्षा इथे जास्त दिसतं, कारण इथे कोणी कोणाला आपलं नाव सोडायला सांगितलं नाही. फक्त काम एक होतं. शेवटी पदवी सगळ्यांना धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूर कॉलेजच्या सीनेटचीच मिळते. नेमणुकीसाठी मात्र प्रत्येक जण आपापल्या चर्चकडे जातो.