गाडी गंजली, रिकॉल गंजत नाही

देवगडला माझ्या मामेभावाची पंधरा वर्षांची गाडी आहे. खाऱ्या वाऱ्याने तिचा पत्रा असा खाल्लाय की मागच्या दाराखालच्या पट्टीत दोन बोटं आत जातात. तिच्या एअरबॅगचा रिकॉल निघालाय असं कळलं तेव्हा घरात चौघांची चार मतं पडली. ‘या डबड्याला आता कोण विचारतंय?’ ‘कंपनी गाडी परत घेऊन पैसे देईल.’ ‘एअरबॅग जुनी झाली तर फार तर उघडणार नाही, एवढंच ना?’ आणि काकू म्हणाल्या, ‘सर्व्हिस सेंटरला नेलीस तर चाळीस हजारांचं बिल घेऊन येशील.’ पहिली तीन मतं साफ चुकीची. काकूंच्या बोलण्यात मात्र थोडं तथ्य आहे, त्याकडे नंतर येतो.

सगळ्यात घातक समज एअरबॅगचा, म्हणून आधी तोच. जपानच्या ताकाता कंपनीने आपल्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅग क्षणात फुगवणाऱ्या धातूच्या डबीत, अमोनियम नायट्रेट वापरलं. खतात आणि सुरुंगात जातं तेच हे रसायन. दिवसा तापायचं, रात्री निवायचं, हवेतली ओल शोषायची, असं वर्षानुवर्षं चाललं की त्याच्या वड्या भुसभुशीत होतात. मग अपघाताच्या क्षणी त्या ठरल्यापेक्षा कितीतरी वेगाने जळतात, डबीच फुटते आणि तिचे तुकडे चालकाच्या गळ्याकडे, चेहऱ्याकडे उडतात. म्हणजे जुनी एअरबॅग उघडणार नाही ही भीती नाहीच. ती प्रमाणाबाहेर जोराने उघडेल ही भीती आहे, आणि ज्या किरकोळ धडकेत एरवी खरचटण्यावर निभावलं असतं तिथे जीव जातो. एकट्या अमेरिकेत यात 28 मृत्यू नोंदले गेले. जगभरात दहा कोटींच्या आसपास इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि जून 2017मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली.

अमेरिकेच्या वाहनसुरक्षा यंत्रणेने बदलाच्या कामात फ्लोरिडा, हवाई अशा उष्ण-दमट राज्यांना पहिला क्रम दिला. 2001 ते 2003च्या काही होंडा गाड्यांतले इन्फ्लेटर अपघातात फुटण्याची शक्यता 50 टक्क्यांपर्यंत असल्याचं तिने 2016मध्ये जाहीर केलं आणि त्या गाड्या चालवूच नका असं सांगितलं. आता उष्ण-दमट म्हणजे काय हे अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजीच्या माणसाला समजावून सांगायला नको. गाडी जितकी जुनी तितका हा धोका वाढतो, त्यामुळे ‘एवढी वर्षं काही झालं नाही’ हे इथे समाधानाचं कारण होऊ शकत नाही. ओळखीच्या मेकॅनिककडून एअरबॅग ‘काढून टाकू’ हा उपाय तर त्याच्याच जिवावर उठणारा. तो स्फोटक भाग आहे. पान्याने उघडायची वस्तू नव्हे.

आता पहिल्या मताची बाजू घेऊन कोणी विचारेल, ‘पण कायद्यात रिकॉलला सात वर्षांचीच मुदत आहे ना?’ हे अर्धवट खरं आहे. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने 110-अ हे कलम आलं आणि 1 एप्रिल 2021पासून त्याचे नियम लागू झाले. त्यानुसार सरकार कंपनीला सक्तीने गाड्या परत मागवायला लावू शकतं, आणि कंपनीला दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. सात वर्षांची अट आहे ती या सरकारी सक्तीला. कंपन्या स्वतःहून जे रिकॉल काढतात ते तिथे थांबत नाहीत. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने 2012मध्येच स्वेच्छेने रिकॉल करण्याची संहिता आणली होती. होंडाने 2015मध्ये भारतात ताकाताच्या इन्फ्लेटरसाठी सव्वादोन लाखांच्या आसपास गाड्या बोलावल्या, त्यांत दहा वर्षं उलटलेल्या सीआर-व्हीसुद्धा होत्या. टोयोटाने 2017मध्ये कोरोला अल्टिस बोलावल्या.

पैसे परत मिळण्याचं दुसरं मत झटपट निकालात काढता येतं. कायद्यात पैसे परत देणं, गाडी बदलून देणं आणि दुरुस्ती असे तिन्ही मार्ग लिहिलेले आहेत, पण प्रत्यक्षात सदोष भाग फुकट बदलून देतात आणि गाडी तुमच्या हवाली करतात. तुम्ही सर्व्हिसिंग बाहेर करून घेत होतात, वॉरंटी केव्हाच संपली, गाडी तिसऱ्या हाताची आहे, यातल्या कशानेही तो फुकटपणा जात नाही. रिकॉल चासी नंबरावर असतो, मालकाच्या नावावर नव्हे.

आता काकू. मामेभावाला सर्व्हिस सेंटरमध्ये आधी खालच्या गंजाचं भलंमोठं एस्टिमेट दाखवण्यात आलं आणि ‘हे केल्याशिवाय रिकॉलचं काम होणार नाही’ असं ऐकवलं. एअरबॅगच्या बाबतीत हे पटणारं नाही. इन्फ्लेटर स्टिअरिंगमध्ये किंवा डॅशबोर्डमध्ये असतो, त्याचा आणि कुजलेल्या पट्टीचा काय संबंध? पण रिकॉल सस्पेन्शनचा, ब्रेकच्या नळीचा किंवा टाकीजवळच्या भागाचा असेल तर गोष्ट वेगळी. जाम बसलेला बोल्ट खोलताना तुटतो, नवा भाग ज्या पत्र्यावर बसवायचा तो पत्राच उरलेला नसतो. अशा वेळी आजूबाजूच्या गंजाचा खर्च मालकाच्या माथी येऊ शकतो. म्हणून गाडी सोडतानाच जॉबकार्डावर रिकॉलचं काम आणि गंजाचं काम वेगवेगळं लिहून घ्या. नकार मिळाला तर तोही कारणासकट लेखी मागा. मामेभावाने एवढंच केलं, आणि दुसऱ्या दिवशी इन्फ्लेटर बदलून मिळाला, एक पैसा न देता.

गंज म्हणजे मालकाची हयगय, त्यावर रिकॉल निघूच शकत नाही, असंही पुष्कळांना वाटतं. अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. तिथे 1998 ते 2003च्या फोर्ड विंडस्टार गाड्यांचा मागचा अॅक्सल गंजून तुटू शकतो म्हणून 2010मध्ये पावणेसहा लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या गेल्या. टोयोटाच्या 1995 ते 2000च्या टॅकोमा ट्रकांच्या फ्रेमला गंजाने भोकं पडू लागली, तेव्हा कंपनीने फ्रेमची वॉरंटी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली आणि फारच कुजलेले ट्रक बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेतले. मात्र तो रिकॉल नव्हता. कंपनीने स्वतःहून दिलेली सवलत होती. मिशिगन-ओहायोत शिकायला गेलेली आपली मुलं अशाच मिठाने खाल्लेल्या गाड्या घेतात. तिथे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने रिकॉलचं काम करूनच गाडी विकावी अशी केंद्रीय कायद्याची सक्ती नाही, आणि फुकट दुरुस्तीचा कायदेशीर हक्क पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षांपर्यंतच आहे.

इकडे आणखी एक भाबडा विश्वास असतो : आरटीओत पासिंग झालं म्हणजे गाडी निर्धोक. पासिंगला ब्रेक, दिवे, धूर बघतात, इन्फ्लेटरच्या डबीत कोणी डोकावत नाही. आणि पासिंगच्या आधी गंजावरच काळं अंडरबॉडी कोटिंग मारून घेणं म्हणजे ओल आत कोंडून ठेवणं. आधी गंज खरवडायचा, मग कोटिंग. खरवडताना एक जपा. चासीवर ठोकलेला नंबर ग्राइंडरने पुसला गेला तर गाडी चोरीची असल्याचा संशय येतो, आणि तो नंबर पुन्हा ठोकायला आरटीओची परवानगी लागते. गंजाने तो वाचता येत नसेल तर आरसी बुकात बघा. हाच सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की तुमच्या गाडीचा रिकॉल बाकी आहे का ते कळतं.

रिकॉलचं पत्र जातं ते कंपनीच्या दप्तरात असलेल्या पत्त्यावर, म्हणजे बहुतेक वेळा गाडीच्या पहिल्या मालकाकडे. मामेभावाच्या गाडीचं पत्रही ठाण्याला, जुन्या मालकाच्या घरी वर्षभर पडून होतं. तुमच्या विकलेल्या गाडीचं असं पत्र घरी आलं असेल तर रद्दीत घालू नका. ज्याला गाडी दिलीत त्याला फोन करा.