रेषा कुठे चुकली?

डोळ्यांवर पट्टी बांधून बरोबर तीन इंचांची रेघ ओढायची, आणि तीही शंभर वेळा. 1932 मध्ये ट्रोब्रिज आणि केसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना हे काम दिलं आणि त्यांचे चार गट केले. पहिल्या गटाला रेघ ओढून झाल्यावर काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला प्रत्येक रेघेनंतर एक निरर्थक शब्द ऐकवला. तिसऱ्याला फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच सांगितलं. चौथ्याला रेघ किती लांब झाली किंवा किती आखूड पडली, ते मापासह सांगितलं. पहिल्या दोन गटांच्या रेघा शेवटपर्यंत सुधारल्या नाहीत. तिसरा गट सुधारला, पण चौथ्याने त्यालाही बरंच मागे टाकलं. हात सगळ्यांचे सारखेच राबले होते. फरक पडला तो आपली चूक नेमकी किती, हे कळण्यामुळे. कार्टून शिकायला बसलेल्या नवशिक्याला मात्र आपण सरसकट एकच सल्ला देतो, काढत राहा, हात बसेल. हा सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. चूक कळली नाही तर हात चुकीच्या वळणावरही तितकाच पक्का बसतो.

यावर कोणी म्हणेल, की कार्टून काढणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी नसते. कागदावर काय उमटलं ते त्याला दिसतंच. दिसतं, पण ते कशाशी ताडून बघायचं? सामान्य माणसांना समोरचं छायाचित्र हुबेहूब का उतरवता येत नाही, याची कारणं डेल कोहेन आणि सुझन बेनेट यांनी 1997 मध्ये एकेक करून तपासली. हाताच्या कौशल्याचा वाटा त्यात थोडाच निघाला. मुख्य दोष होता समोरची गोष्ट आहे तशी न पाहण्याचा. तिथे निदान छायाचित्र समोर असतं. नजर तयार होत गेली की माप पडताळून घेता येतं. मनातून काढलेल्या पात्राला असा मूळ नमुनाच नसतो. चिडलेला मास्तर काढायचा असं ठरवून बसलेल्या मुलीला कागदावर चिडलेला मास्तरच दिसतो, कारण तो कोण हे तिला आधीच ठाऊक असतं. शेजारच्या मुलाला त्याच चेहऱ्यात दाढ दुखणारा माणूस दिसू शकतो. अशा वेळी शेजाऱ्याचं म्हणणं खरं मानावं लागतं. कार्टूनमधला चेहरा चिडलेला आहे की नाही, याचा निकाल काढणाऱ्याच्या हेतूवर लागत नाही, बघणाऱ्याला काय वाचता आलं त्यावर लागतो.

माझ्या मते कार्टून शिकण्याचं सगळं शास्त्र याच एका गोष्टीवर उभं आहे. जिनिव्हातले शिक्षक आणि चित्रकथाकार रोडॉल्फ टॉप्फर यांनी 1845 मध्येच लिहून ठेवलं होतं, की चेहरा कितीही ओबडधोबड काढला तरी त्यावर कोणता ना कोणता भाव उमटतोच. मग भुवईची रेघ थोडी तिरपी करा, ओठाचं टोक खाली ओढा, आणि भाव कसा बदलतो ते बघत राहा. कलेतिहासकार अर्न्स्ट गोम्ब्रिच यांनी 1960 च्या ‘आर्ट अँड इल्युजन’ या ग्रंथात हा धागा पुढे नेला. चित्रकार आधी एक ठोकळ आकृती मांडतो आणि मग ती दुरुस्त करत जातो, असं त्यांचं प्रतिपादन होतं. ही दुरुस्ती कोणत्या दिशेने करायची, हे बघणाऱ्याचा मेंदू ठरवतो. सुझन ब्रेनन यांनी संगणकावर चेहऱ्याची वैशिष्ट्यं कमी-जास्त ताणण्याची पद्धत तयार केली होती. तिच्या मदतीने जिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुझन केरी यांनी 1987 मध्ये दाखवलं, की ओळखीच्या माणसाचं अर्कचित्र त्याच्या बिनचूक रेखाचित्रापेक्षा लवकर ओळखू येतं. म्हणजे मापाने अधिक चुकीचं असलेलं चित्र ओळखीच्या कसोटीला अधिक खरं उतरतं. मिकी माऊसची गोष्टही अशीच. मोठं डोकं आणि मोठे डोळे पाहिले की माणसाला लहान बाळासारखी माया वाटते, असं कोनराड लोरेन्झ यांनी 1943 मध्ये मांडलं होतं. त्याचा आधार घेऊन स्टीफन जे गूल्ड यांनी 1979 मध्ये मिकीच्या वेगवेगळ्या काळातल्या चित्रांची मापं काढली. डोळ्याचा आकार डोक्याच्या 27 टक्क्यांवरून 42 टक्क्यांपर्यंत गेला होता, आणि डोकं शरीराच्या 42.7 टक्क्यांवरून 48.1 टक्के झालं होतं. सुरुवातीचा खोडकर, थोडा दुष्टच उंदीर प्रेक्षकांचा लाडका होत गेला, तसतशी चित्रकारांची रेषाही लहान मुलाच्या चेहऱ्याकडे सरकत गेली.

म्हणून नवशिक्याने चित्र दाखवताना ‘कसं झालंय?’ हा प्रश्न विचारूच नये. त्याला ‘छान!’ किंवा ‘जमलं नाही’ याखेरीज उत्तर मिळत नाही, आणि दोन्ही उत्तरं रेषेबद्दल नसतात, काढणाऱ्याबद्दल असतात. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायावरच्या असंख्य प्रयोगांची एकत्र छाननी केली. सरासरीने अभिप्रायाचा फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी तो मिळाल्यावर कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की नुकसान होतं, असा त्यांचा उलगडा होता. रूथ बटलर यांनी 1988 मध्ये इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग आपल्याकडच्या प्रत्येक चित्रकला शिक्षकाने वाचावा असा आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती फक्त शेरा मिळालेली मुलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा लाभ झालाच नाही. महाराष्ट्रातली लाखो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसली आहेत. त्या परीक्षांनी चित्रकलेला शाळेत मान मिळवून दिला, हे मान्यच करायला हवं. पण निकालात हाती पडते ती श्रेणी, आणि स्मरणचित्रातल्या माणसाचा खांदा कुठे निखळला ते ‘बी’ या अक्षरातून कधीच कळत नाही.

नेमका अभिप्राय काय करू शकतो, याचा मोठा दाखला 1930 च्या दशकातल्या डिस्ने स्टुडिओत सापडतो. तिथले चित्रकार पगारी आणि व्यावसायिक होते, तरीही 1932 पासून शुइनार्ड कलासंस्थेतले डॉन ग्रॅहम त्यांना संध्याकाळी रेखाटन शिकवू लागले. दिवसा काढलेल्या पेन्सिलीच्या कच्च्या चित्रांचं चित्रीकरण व्हायचं आणि ती फीत एका कोंदट खोलीत सगळ्यांसमोर चालवली जायची. शाई-रंगाचा खर्च होण्याआधीच पात्राचं वजन कुठे हरवलं, कोणती हालचाल कळली नाही, हे पडद्यावर दिसायचं आणि चित्रं पुन्हा काढली जायची. ‘स्नो व्हाइट’ 1937 मध्ये पडद्यावर आला, तो या दुरुस्तीच्या शिस्तीतून.

आता प्रतिभेचा आक्षेप, म्हणजे ती नसेल तर सराव काय कामाचा? अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास केला, आणि पुढे त्यातून ‘दहा हजार तास सराव’ हा लोकप्रिय मंत्र तयार झाला. तो मंत्र ढोबळ आहेच. 2014 मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या छाननीत संगीतातल्या कामगिरीच्या फरकापैकी सरावाने उलगडणारा भाग सुमारे 21 टक्के निघाला; बाकीचं इतर कारणांवर अवलंबून. तेव्हा कोणीही सरावाने आर. के. लक्ष्मण होईल, असं म्हणणं फसवं ठरेल. पण प्रतिभा आहे की नाही हे आधीच ओळखता येतं, हा समज त्याहून फसवा आहे. लक्ष्मण यांनाच मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने आवश्यक ती प्रतिभा नाही म्हणून प्रवेश नाकारला होता, आणि नवशिक्याला काही लक्ष्मण यांच्याशी स्पर्धा करायची नसते. त्याला आपल्याच मागच्या महिन्यातल्या चित्रापुढे जायचं असतं.

दुसरा आक्षेप असा, की इतरांचं ऐकून आणि इतरांची नक्कल करून स्वतःची शैली मरते. जपानमध्ये ओकादा आणि इशिबाशी यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलटंच दिसलं. अनोळखी शैलीतल्या चित्रांची नक्कल करून झाल्यावर विद्यार्थ्यांची स्वतःची चित्रं अधिक कल्पक निघाली, कारण चित्र म्हणजे काय याची त्यांची ठरीव कल्पना सैल झाली होती. अभिप्रायाच्या अतिरेकाची भीती मात्र रास्त आहे. विनस्टाइन आणि श्मिट यांनी 1990 मध्ये हाताच्या हालचाली शिकवताना पाहिलं, की प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितलेल्यांपेक्षा निम्म्याच वेळा सांगितलेल्यांना पुढे ती हालचाल अधिक चांगली टिकवता आली. सतत कोणी सांगत राहिलं की माणूस स्वतः तपासणं सोडून देतो. ते तपासण्याचे मार्ग साधे आहेत. कागद उलटा करून उजेडासमोर धरला की झुकलेला चेहरा लगेच लक्षात येतो. पात्राची आकृती आतून पूर्ण काळी भरली आणि तरीही ते काय करतंय ते कळलं, तर रचना पक्की. आरशात स्वतःचा राग पाहून मग भुवई काढणं ही ॲनिमेशनवाल्यांची जुनी सवय आहे.

घरात कोणी कार्टून काढायला शिकत असेल, तर कौतुक जरूर करा, पण त्याआधी चित्रातला माणूस तुम्हाला कोण वाटला, त्याला काय झालंय असं वाटलं आणि ते कोणत्या रेघेवरून वाटलं, एवढं त्याला सांगा. शिकणाऱ्याने ते उत्तर चित्राच्या मागे लिहून ठेवावं, आणि एका वेळी एकच रेघ बदलून तेच चित्र दुसऱ्या कोणाला तरी दाखवावं.