आयसोनियाझिड : चाळीस वर्षे दुर्लक्षित राहिलेले औषध

आजारी भिक्खूकडे कोणी लक्ष देत नाही हे पाहून भगवान बुद्धांनी आनंदाच्या साह्याने त्याला स्वतः आंघोळ घातली, ही विनयपिटकातील हकिकत आपणांस ठाऊक आहे. तरीही घरात कोणाला क्षय झाला की त्याची कपबशी वेगळी होते. मुलीला झाला तर सोयरिकीच्या भीतीने तो लपवला जातो. क्षयरोग्याला घरी ठेवूनही बरे करता येते, हे ज्या औषधामुळे सिद्ध झाले त्या आयसोनियाझिडची माहिती येथे देत आहे. मी कला शाखेचा, तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी सांभाळून घ्यावे.

हे सेंद्रिय संयुग अगदी लहान आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे सहा, हायड्रोजनचे सात, नायट्रोजनचे तीन व ऑक्सिजनचा एक अणू असतो. दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या पिकोलिनचे ऑक्सिडीकरण केले की आयसोनिकोटिनिक आम्ल मिळते. त्याचे एस्टर करून हायड्राझिनबरोबर तापवले की आयसोनियाझिड तयार होते. १९१२ साली प्राग येथे हान्स मायर व योसेफ माली यांनी ते प्रथम बनवले, पण क्षयाच्या जंतूंवर ते कोणी वापरून पाहिले नाही. पुढे १९५१-५२ मध्ये अमेरिकेतील हॉफमन-ला रोश व स्क्विब आणि जर्मनीतील बायर या तिन्ही कंपन्यांच्या प्रयोगशाळांना, एकमेकींना नकळत, त्याचा गुण कळला. रोशमधील रसायनतज्ज्ञ तर दुसरेच संयुग बनवत होते. आयसोनियाझिड हा त्या वाटेवरचा केवळ एक टप्पा होता! पदार्थ जुनाच असल्याने त्यावर कोणाला पेटंट घेता आले नाही आणि औषध स्वस्त राहिले. मधल्या चाळीस वर्षांत किती माणसे खोकून खोकून गेली, याचा हिशेब कोण करणार?

१९५६ साली मद्रास येथे सुरू झालेल्या प्रयोगात गरीब रोग्यांचे दोन गट केले गेले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये चांगला आहार व विश्रांती मिळाली. दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरीच राहिला. दोघांनाही वर्षभर आयसोनियाझिड व पास ही औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांत गुण जवळजवळ सारखाच आला होता आणि घरच्या माणसांना लागणही अधिक झाली नव्हती.

गोळी पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. जंतूमधील काटजी नावाचे विकरच तिला कार्यक्षम करते, हे १९९२ मध्ये उजेडात आले. मग ती जंतूच्या मेणचट आवरणातील मायकोलिक आम्ल तयार होऊ देत नाही. ज्या जंतूत हे विकर बिघडलेले असते, तो मात्र वाचतो. म्हणून क्षय झालेल्याला हे औषध एकटे देत नाहीत. वाचलेल्या जंतूला सोबतची औषधे मारतात. कोर्स अर्धवट सोडला की असेच जंतू वाढतात.

साध्या क्षयाचा कोर्स आज सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने चार औषधे, पुढे तीन. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात. पण खोकला थांबतो, वजन वाढते आणि गोळ्या फळीवर पडून राहतात, हे मी आमच्या वस्तीत पाहिले आहे. हातापायांना मुंग्या आल्या तर डॉक्टर बी-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. सोबतच्या रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.