उत्तरावर बोट ठेवा!

काय दोस्तांनो, शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास कसा चाललाय? गणित, मराठी ठीक. पण इंग्रजी म्हटलं की पोटात गोळा येतो ना? मराठी माध्यमाच्या मुलांना दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्तेबरोबर इंग्रजीचे 25 प्रश्न असतात. गुण 50. म्हणजे घाबरून सोडून देण्यासारखे नाहीत!

माझ्या वर्गातल्या एका मुलीने शब्दार्थांची अख्खी वही पाठ केली होती. तरी सराव परीक्षेत उताऱ्यावरचे पाचपैकी चार प्रश्न चुकले. रडवेली होऊन म्हणाली, "बाई, मला इंग्रजी येतच नाही."

उताऱ्यात होतं : 'सीता वेंट टु द मार्केट विथ हर ब्रदर. शी बॉट अ बुक. ही बॉट अ बॉल.' प्रश्न होता, बॉल कोणी घेतला? तिने लिहिलं, सीताने.

मी म्हटलं, "बॉल जिथे लिहिलाय, तिथे बोट ठेव." तिने बोट ठेवून वाचलं, "ही बॉट अ बॉल." आणि एकदम हसली! मराठीत 'ही' म्हणजे मुलगी, इंग्रजीत 'ही' म्हणजे तो. अर्थ तिच्या वहीत होता. घाईत मराठी कानाने दगा दिला. बॉल भावाने घेतला होता!

उतारा सोडवताना

आधी प्रश्न वाचा, मग उतारा. उत्तर ज्या वाक्यात आहे, त्यावर बोट ठेवा. बोट ठेवता आलं नाही, तर ते उत्तर आपल्या मनातलं आहे, उताऱ्यातलं नाही! चारही पर्याय वाचल्याशिवाय गोल रंगवू नका.

शब्द शिकताना

नुसता अर्थ पाठ करू नका, शेजारी एक वाक्य लिहा. 'वेल' म्हणजे चांगलं, एवढंच पाठ केलंत, तर 'द वेल वॉज ड्राय' वाचून काय समजणार? इथे 'वेल' म्हणजे विहीर! एखादा शब्द अडला तर थांबू नका. पुढे 'सो द विमेन वेंट टु द रिव्हर फॉर वॉटर' असं असेल, तर 'ड्राय' म्हणजे कोरडी, हे ओळखता येतंच की.

व्याकरणात नेहमी चुकतं ते

मराठीत क्रियापद शेवटी येतं : 'राम आंबा खातो.' इंग्रजीत ते मधे येतं : 'राम ईट्स अ मँगो.' त्यातला 'ईट'ला लागलेला 'स' विसरू नका. 'आय ईट', पण 'राम ईट्स'.

आपण 'टेबलावर' म्हणतो, 'वर' मागे चिकटतो. इंग्रजीत 'ऑन' पुढे येतो : 'ऑन द टेबल'.

'अ' की 'ॲन', हे स्पेलिंगवरून नाही, उच्चारावरून ठरवा. 'अवर'चं स्पेलिंग 'एच'ने सुरू होतं, पण उच्चार स्वराचा. म्हणून 'ॲन अवर'. 'युनिफॉर्म' 'यू'ने सुरू होतो, पण उच्चार 'य'चा. म्हणून 'अ युनिफॉर्म'.

आता तुम्ही सांगा

1. 'अंब्रेला'च्या आधी काय, अ की ॲन?
2. 'माय सिस्टर (गो / गोज) टु स्कूल.' बरोबर काय?

आईबाबांसाठी

आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. रोज पंधरा मिनिटं शेजारी बसा. मुलाने उत्तर दिलं की एवढंच विचारा, "कुठे लिहिलंय? बोट ठेव बघू." चुकलं तर शेजारच्या मुलाशी तुलना नको.

पुढच्या सरावाला त्या मुलीचे पाचपैकी चार प्रश्न बरोबर आले. पाचवा का चुकला, ते मी सांगायच्या आधी तिनेच मला सांगितलं. आता ती म्हणत नाही, मला इंग्रजी येत नाही. म्हणते, "थांबा बाई, शोधते!"

तर मग, आज संध्याकाळी एक उतारा काढाच!

(उत्तरे : 1. ॲन 2. गोज)