पितळेचे पातेले आणि कळकलेले ताक

आदिलाबादेतील आमच्या जुन्या मराठी घरांतून माळ्यावरची पितळी भांडी पुन्हा खाली उतरू लागली आहेत. परवा एका घरी अशाच पातेल्यात विरजण लावलेले आढळले. आतली कल्हई केव्हाच उडालेली. आम्ही हरकत घेताच यजमानीणबाई म्हणाल्या, "अहो, पितळ काय, तांबे काय नि तो हिरवा डाग काय, शेवटी धातूच ना?"

नव्हे. तांबे हे मूलद्रव्य. त्याचे कितीही बारीक तुकडे केले तरी तांब्यावाचून दुसरे काही निघावयाचे नाही. जस्ताचेही तसेच. ही दोन एकत्र वितळविली की पितळ होते, आणि ते मिश्रण होय. शंभर भागांत तांबे साठ असो वा सत्तर, दोन्ही पितळच. रंग व कठीणपणा तेवढा बदलतो. आपल्याच भागातील उशेगावचे ओझा कारागीर मेणाच्या तारांनी आकार घडवितात, वर माती लिंपतात आणि मेण वितळून गेलेल्या पोकळीत पितळेचा रस ओततात. मोडकी भांडीही त्या रसात खपून जातात. (या ढोकरा कामास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.) मिश्रण चाळून वा गाळून वेगळे करता येते, असे मुले शाळेत शिकतात, पितळ त्यास दाद देत नाही, म्हणून ती त्याला संयुग समजतात. कसोटी प्रमाणाची धरावी.

संयुगात प्रमाण ठरलेले असते. पाण्यात वजनाने एक भाग हायड्रोजनला आठ भाग प्राणवायू, मग ते पाणी गोदावरीचे असो वा विहिरीचे. ताकातील आम्लाशी हवेच्या साहाय्याने तांब्याचा संयोग झाला की तांब्याचे क्षार बनतात. त्यांत तांब्याचा तांबूस रंग नाही, लकाकी नाही. मात्र ते ताकात विरघळतात आणि पोटात गेल्यास मळमळ व ओकाऱ्या होतात. 'ताक कळकले' असे आमच्या आज्या म्हणत, ते हेच.

कल्हईचे कथील हेही मूलद्रव्यच. ते २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून साध्या कोळशाच्या भट्टीवर काम भागते. तापल्या भांड्यावर टाकलेला नवसागर, जो स्वतः संयुग आहे, धातूवरचा मळ काढतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील आत पसरते. दह्याताकाचे आम्ल त्यास फारसे बाधत नाही.

ते विरजण आम्ही ओतून टाकावयास लावले. चिंचेने घासल्यावर पातेले झळाळले खरे, पण ती कल्हई नव्हे. कल्हईवाला मिळेपर्यंत त्यात ज्वारी भरून ठेवली आहे, आणि ताकासाठी मातीचे मडके आणले आहे.