प्रेअरी पाठ, अमळनेर ऑप्शनला!

शाळेतला भूगोल आठवतोय? ‘जोड्या लावा’चा हमखास प्रश्न. उत्तर अमेरिका – प्रेअरी, दक्षिण अमेरिका – पंपास, आशिया – स्टेप, दक्षिण आफ्रिका – व्हेल्ड, ऑस्ट्रेलिया – डाउन्स. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. प्रेअरी म्हणजे सपाट मैदान, काळी सुपीक माती, समुद्र लांब, पाऊस बेताचा, उन्हाळा कडक आणि हिवाळा हाडं गोठवणारा. कॅनडातल्या सस्कॅचवानबद्दल एवढं सगळं आपण एका मार्कासाठी पाठ केलं.

आता ही यादी पुन्हा वाचा आणि खिडकीबाहेर बघा. ‘हाडं गोठवणारा’ खोडून ‘बोचरा’ लिहा. बाकी सगळं ओळखीचं वाटतंय ना?

गंमत म्हणजे सस्कॅचवानमध्ये थंडी किती पडते हे आपल्याला माहीत असतं, पण आपलं गाव समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे विचारलं की वर्गात सन्नाटा. म्हणून एक गाव घेऊ आणि त्याचा धडा स्वतःच लिहू. मी अमळनेर घेतलंय. एक कारण असं, की ते जळगाव आणि धुळ्याच्या मधे आहे, म्हणजे ‘आमचं का नाही घेतलं’ म्हणून दोन्हीकडून भांडायला जागा नाही. दुसरं कारण पुढे येईलच.

परातीच्या तळाशी

नकाशात खान्देश म्हणजे एक लांबट परात आहे. उत्तरेची कड सातपुड्याची, दक्षिणेची सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांची आणि तळातून तापी. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून सुरतजवळ समुद्राला मिळेपर्यंत ती ७२४ किलोमीटर चालते, तीही पश्चिमेकडे. गोदावरी आणि कृष्णा पूर्वेला जातात, मग तापीच उलटी का? कारण तिने दरी कोरलेली नाही, तिला ती आयती मिळाली. जमिनीला भेगा पडल्या, मधला पट्टा खाली बसला आणि पाणी त्यातून वाहू लागलं. नर्मदेचंही तेच. पुढे लाखो वर्षं दोन्हीकडच्या डोंगरांवरून वाहून आलेला गाळ या पट्ट्यात साचत गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी तो इतका जाड आहे, की चोपडा, यावल, रावेरच्या केळीबागा त्यात मुरलेल्या पाण्यावर उभ्या राहिल्या.

तापी ओलांडून अलीकडे अमळनेर तालुक्यात आलात की चित्र बदलतं. कापूस, ज्वारी, बाजरी, मका. तेही पाऊस वेळेवर झाला तर. नदी तीच, जिल्हा तोच, पण एका काठावर बारमाही हिरवं आणि दुसऱ्या काठावर शेतकरी आभाळाकडे बघतोय. तापी तालुक्याच्या उशाशी वाहते, तिच्यावर पाडळसे इथे निम्न तापी प्रकल्पाचं धरण बांधायला घेतलंय, पण ते काम तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीपासून चालू आहे. निवडणूक आली की ते हमखास भाषणात येतं. शेतात अजून आलेलं नाही.

गाव स्वतः वसलंय बोरीच्या काठी. बोरी ही उन्हाळ्यात नदी नसते, मैदान असतं. आणि अमळनेरकरांनी या गोष्टीचा काय भारी उपयोग केलाय बघा. संत सखाराम महाराजांची यात्रा भरते वैशाखात, थेट बोरीच्या वाळवंटात. पाळणे, भांड्यांची दुकानं, खेळणी, गर्दी, सगळं नदीच्या पात्रात. जिथे वैशाखातही नदीला पाणी असतं, तिथल्या लोकांना ही आयडिया सुचणारच नाही.

सुरतला वारा, आपल्याला झळा

आता आपल्या आवडत्या विषयाकडे येऊ. ऊन! मे महिन्यात जळगावचा आकडा बातम्यांत आला की पुण्यातले मित्र ‘जिवंत आहात का रे’ असा मेसेज टाकतात. पारा ४५ च्या पुढे जाणं आपल्याकडे ब्रेकिंग न्यूज नाही, मे आहे.

पण का? ‘कारण खान्देश आहे’ हे उत्तर परीक्षेत चालणार नाही. त्यापेक्षा सुरत घ्या. अमळनेर आणि सुरत जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, २१ अंशांच्या किंचित वर. दोन्हीकडे तापीचंच खोरं, आणि दोन्ही गावं एकाच रेल्वेमार्गावर. म्हणजे सूर्य दोघांच्या डोक्यावर सारखाच. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस दुपारी तो बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण गायब होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. अमळनेरला हा दिवस येतो तेव्हा सुरतलाही जवळपास तेव्हाच येतो. तरी सुरतचं मे महिन्यातलं सरासरी कमाल तापमान छत्तिशीच्या आसपास राहतं आणि जळगावचं बेचाळिशीच्या घरात जातं.

फरक पडतो समुद्राचा. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, त्यामुळे किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून गार वारा सुटतो. तो आपल्यापर्यंत येत नाही. आपल्याकडे असतं उघडं शेत आणि काळी माती. मातीत ओल असती तर सूर्याची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च झाली असती. एप्रिल-मेमध्ये ओल नसतेच, मग ती सगळी उष्णता जमीन आणि हवा तापवण्यात जाते. त्यात आपण परातीच्या तळाशी. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, अमळनेर दोनशेच्या आसपास. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे पुण्याला दोन-सव्वादोन अंशांची सूट फक्त उंचीमुळे मिळते. (पुणेकरांनी याचं श्रेय झाडांना आणि स्वतःला देऊ नये.)

पावसाचाही हिशेब असाच. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर आधी रिकामे होतात, उरलेलं आपल्याला. नंदुरबारकडे नवापूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, धुळ्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास, जळगाव जिल्ह्यात सातशेच्या घरात. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरच्या मोजक्या दिवसांत उरकतो. त्या मोजक्या दिवसांपैकी चार दिवस चुकले की कापसाचं गणित चुकतं, आणि कापसाचं चुकलं की अनेक घरांत कॉलेजच्या फीचंही चुकतं. हे तुम्हाला कुठल्या पुस्तकातून कळायची गरज नाही.

हिवाळा मात्र आपली छुपी बाजू. कोरडं, निरभ्र आकाश दिवसभर तापवतं आणि रात्री सगळी उष्णता परत सोडून देतं. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत इथे पारा सहज दहाच्या खाली येतो, धुळ्याला तर त्याहूनही खाली. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत पस्तीसहून जास्त अंशांचा फरक! आपलं शरीर हे दरवर्षी सोसतं आणि आपण त्याला ‘काही नाही हो, सवय आहे’ म्हणतो.

जुन्या लोकांनी नुसती सवय केली नव्हती, सोय केली होती. आजोळी धाब्याचं घर असेल तर आठवा. जाड मातीच्या भिंती, वर सपाट धाबं, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पाऊस कमी म्हणून उतरतं छप्पर लागत नाही, भिंत जाड म्हणून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि रात्री सगळं घर धाब्यावर झोपायला. दिवसा त्याच धाब्यावर ज्वारीचे बिबडे, कुरडया वाळायच्या. आता आपण त्याच गावात सिमेंटचा स्लॅब टाकतो, तो रात्रभर आतल्या माणसांना भाजतो, आणि त्यावर उपाय म्हणून हप्त्यावर कूलर घेतो. याला प्रगती म्हणायचं का, यावर कॉलेजात वादविवाद स्पर्धा ठेवायला हरकत नाही.

लोक यायचे, त्याची गोष्ट

प्रेअरीतली बरीच गावं रेल्वेने वसवली. रुळांशेजारी धान्याची कोठारं उभी राहिली, त्यांच्याभोवती बाजार आणि मग गाव. अमळनेर त्याच्या खूप आधीचं, पण त्याला वाढवलं ते याच सूत्राने. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतकडून तापी खोऱ्यातली रेल्वे आली. कापूस होताच. प्रतापशेठांनी कापडगिरणी उभारली. १९४५ मध्ये महंमद हाशम प्रेमजींनी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी काढली, कारण आसपास भुईमूग होता आणि दारात रेल्वे. तीच पुढे विप्रो झाली. जगभर सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची सुरुवात खान्देशातल्या शेंगदाण्यापासून झाली, हे बंगळुरूत इंटरव्ह्यूला गेलात तर जरूर सांगा.

फक्त पोटासाठीच लोक यायचे असंही नाही. १९१६ मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. या उन्हात लोक तत्त्वज्ञान शिकायला यायचे! साने गुरुजी कोकणातले, पालगडचे. ते इथे आले, रमले, प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि छात्रालयात मुलांबरोबर राहिले. १९५२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मराठी साहित्य संमेलन या गावात भरलं. छोट्या गावात काही होत नाही असं म्हणणाऱ्याला एवढी यादी पुरावी.

आणि आता?

अमळनेर निवडण्याचं दुसरं कारण हे. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९१ हजारांच्या थोडी वर होती. २०११ मध्ये ती जेमतेम ९६ हजार झाली. दहा वर्षांत पाच टक्के वाढ. त्याच काळात महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला. पाळणे तर इथेही हलतच होते. म्हणजे काही लोक शहराच्या हद्दीबाहेरच्या नव्या कॉलन्यांत गेले आणि बरेचसे स्टेशनवरून गेले. कुठे, ते तुम्हाला ठाऊक आहे. सुरतच्या उधना-लिंबायतमध्ये उतरा, ‘काय भो, कथा चालना?’ असं कानावर पडेल. तापी जिकडे वाहते तिकडेच आपली माणसंही गेली. उरलेली पुणे-नाशिकला. अमेरिकेच्या मैदानी भागातल्या कित्येक ग्रामीण काउंट्यांची लोकसंख्या गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच शिखरावर पोचली आणि मग उतरत गेली. आपलं तसं झालेलं नाही. पण दिशा ओळखीची आहे.

आणखी एक आकडा, जो वाचून मी बराच वेळ पुढे लिहू शकले नाही. २०११ मध्ये जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली होत्या ८४२. राज्याचा आकडा ८९४. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, जिल्ह्यात ८८० होत्या, म्हणजे घसरण झाली. आता वयाचा हिशेब करा. तेव्हा शून्य ते सहा असलेली मुलं-मुली आज साधारण पंधरा ते बावीस वर्षांची आहेत. हा आकडा कुणा दुसऱ्याचा नाही, हे पान वाचणाऱ्या बॅचचा आहे. तुमच्या वर्गात, बसमध्ये, लायब्ररीत ज्या मुली दिसतात, त्यांच्यासोबत अजून काही असायला हव्या होत्या. त्या नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या नाहीत. ‘गावात पोरांची लग्नं जुळत नाहीत’ यावर जे रील फॉरवर्ड होतात आणि आपण हसतो, त्यांच्या मुळाशी हा आकडा आहे. दोष मात्र शिकलेल्या मुलींच्या ‘अपेक्षां’ना दिला जातो.

२०२१ ची जनगणना कोविडमुळे झालीच नाही, त्यामुळे २०११ नंतर काय बदललं हे सांगणारी नवी मोजदाद आपल्याकडे नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. तेव्हा तुम्ही जिथे राहत असाल तिथे मोजले जाल. पुण्याच्या होस्टेलवर असाल तर पुण्यात, मग आधार कार्डावर अमळनेर असो की धरणगाव. घरी आईने ‘आमचा मुलगा पण लिहा’ म्हटलं तरी नियमाने लिहिता येणार नाही. गावाचा आकडा एकाने कमी, आणि गावासाठीच्या पाण्याच्या, बसच्या, दवाखान्याच्या योजना त्या आकड्यावर आखल्या जाणार.

२०११ च्या अर्जात जन्मठिकाण, आधी कुठे राहत होतात आणि ते ठिकाण का सोडलं हेही विचारलं होतं. कारणांची यादी तयार होती: काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबासोबत स्थलांतर, इतर. ४६ अंशांचा मे महिना त्या यादीत नव्हता. तेच कारण असेल तर ‘इतर’वर खूण करावी लागेल.