आधी पाहणी, मग आराखडा

मुळात जीवशास्त्रज्ञ असलेले पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. इंदूरसह अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले, ते गल्लीबोळ पायी तुडवून. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. नगररचना शिकणाऱ्या मुलामुलींचा खरा श्रीगणेशा आजही याच कामाने होतो.

त्याला विद्यमान भूवापर पाहणी म्हणतात. हातात नकाशा घेऊन एकेक प्लॉट पाहायचा आणि रंगवायचा. निवासी पिवळा, व्यापारी निळा, उद्योग जांभळा, सार्वजनिक वापर तांबडा. तळमजल्यावर पिठाची गिरणी, वर दोन बिऱ्हाडं आणि मागच्या खोलीत शिकवणीचा वर्ग असेल, तर रंग कोणता द्यायचा? उपग्रहचित्रात नुसतं छप्पर दिसतं. दार ठोठावून विचारल्याशिवाय इलाज नसतो.

हे काम कच्चं राहिलं की काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे. २०१४-३४ चा प्रारूप विकास आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसावास्तूंच्या नोंदी चुकलेल्या. हजारो हरकती आल्या, एप्रिलमध्येच सरकारने फेरतपासणीचा आदेश दिला आणि मंजुरीला २०१८ चा मे उजाडला.

हे काम शिकायचं, तर वाटा दोन. बारावीला गणित असेल, तर जेईई मेनचा नियोजनाचा पेपर देऊन चार वर्षांच्या बी.प्लॅनला जाता येतं. स्थापत्य, वास्तुकला, भूगोल, अर्थशास्त्राचे पदवीधर दोन वर्षांचं एम.प्लॅन करतात. पुण्याचं सीओईपी, दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट ही त्यातली ठळक नावं. पुढे राज्याचा नगररचना विभाग, महापालिका, सिडको, एमएमआरडीए किंवा खासगी सल्लागार संस्था. वाहतूक, गृहनिर्माण, पर्यावरण या वाटाही आहेत. आर्किटेक्चर हुकलं म्हणून इकडे येणारे बरेच. या विषयाला दुय्यम मानणं मला मनापासून खटकतं.

कारण गरज प्रचंड आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यांच्या नगररचना खात्यांना बारा हजारांहून अधिक नगररचनाकार हवेत. मंजूर पदं चार हजारांच्या आत, आणि त्यातलीही निम्मी रिकामी. देशातल्या सुमारे ६५ टक्के नागरी वस्त्यांना आराखडाच नाही. कित्येक राज्यांत या पदासाठी नगररचनेची पदवीसुद्धा सक्तीची नाही.

पदं भरणं सरकारच्या हाती आहे. अभ्यासक्रम मात्र महाविद्यालयांना आजच सुधारता येईल. शिक्षण जवळजवळ सगळं इंग्रजीत चालतं. हरकती-सूचनांच्या सुनावणीला मात्र शेतकरी सातबारा घेऊन येतो आणि विचारतो, "माझा अख्खा गट बागेच्या आरक्षणात गेला, शेजारचा कसा सुटला?" महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना (एमआरटीपी) कायदा, १९६६ ने त्याला हा प्रश्न विचारण्याचा हक्क दिला आहे. त्याला नीट उत्तर देणारा रचनाकार हवा असेल, तर सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा वाचायला पहिल्याच वर्षी शिकवायला हवं.